वीतभर उंच बसवलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, पण माझ्याजवळ तुम्हाला दाखवायला एकही फोटो नाही. लग्नात मिरवणारे, वाढदिवसाला मेणबत्त्या टिपणारे कॅमेरे हे माझे लांबचे भाऊबंद. त्यांच्यासमोर माणसे केस सारखे करतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि दात दाखवतात. माझ्यासमोर जी माणसे बसली ती एकेकटी बसली. त्यांतले हसलेले माणूस मला आठवत नाही. एक आजोबा तेवढे हसले होते, पण ते घाबरून.

माझे काम साक्षीचे होते. गुन्ह्याचा खटला उभा राहिला की ज्याने तो घडताना पाहिला त्याला न्यायालयात जाऊन सांगावे लागते. पण एखादे माणूस प्रवास न झेपण्याइतके आजारी असते, एखादे फार दूर राहते, एखाद्याला आरोपीसमोर जायचीच धास्ती असते. अशांना आमच्या खोलीत आणून बसवत. मी त्यांचा चेहरा आणि आवाज घ्यायचो आणि दूरच्या शहरातल्या न्यायालयात पोचवायचो. तिथे मोठ्या पडद्यावर तो चेहरा उमटायचा. तिथले न्यायालय आमच्या खोलीतल्या पडद्यावर दिसायचे. इथला माणूस तिथे, तिथली माणसे इथे, आणि कुणीच कुणाजवळ नाही, असा तो मामला होता.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाजूने माझी काच आली, दुसऱ्या बाजूने पोटातला माइक आला, मग मान आली. शेवटी टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका मुलीने मला उचलले आणि माझ्या डोळ्याला डोळा लावून नीट पाहिले. "हा चांगला आहे," ती म्हणाली, आणि तिने मला खोक्यात घातले. तेव्हा मला वाटले, जगात गेल्यावर सगळे माझ्याकडे असेच पाहतील. कुठले काय!

खोक्यातून बाहेर आलो तो एका दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी ती परिचारिकांची कपडे बदलायची खोली होती. त्यांचे लोखंडी कपाट तिथेच राहिले होते आणि कपाटाच्या दाराला आतून फूटभर आरसा लटकत होता. एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, एक खिडकी आणि समोरच्या भिंतीवर पडदा. बाकी भिंती कोऱ्या. मला बसवायला एक मिस्त्री आला. त्याने पडद्याच्या लगेच वर भोक पाडायला घेतले, तर आत विजेची नळी लागली. मग तो वीतभर वर सरकला.

"पडद्यापासून लांब नाही का होत?" दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी विचारले.

"वीतभरानं काय आभाळ कोसळतंय?" तो म्हणाला आणि त्याने मला ठोकून टाकले.

मित्रांनो, ही वीत लक्षात ठेवा.

त्या बाई म्हणजे आमच्या खोलीच्या समन्वयक. साक्षीदाराला खुर्चीत बसवायचे, न्यायालयाशी संपर्क जोडायचा आणि साक्ष संपेपर्यंत कोपऱ्यात बसून राहायचे, हे त्यांचे काम. नियम असा होता की साक्ष चालू असताना त्यांनी साक्षीदाराशी अवाक्षर बोलायचे नाही. खूण करायची नाही, मान हलवायची नाही, नाहीतर पढवले असे व्हायचे. बाईंनी हा नियम इतका अंगी बाणवला होता की दवाखान्यातले लोक त्यांना पाठीमागे 'चिडीचूप बाई' म्हणत. एकदा साक्ष चालू असताना त्यांना शिंक आली. संपर्क तुटल्यावर त्यांनी वहीत लिहिले, 'साक्षीच्या दरम्यान समन्वयकास एक शिंक आली. तिचा साक्षीशी संबंध नाही.' मी तेव्हा मनात फार हसलो. आता त्या वाक्याची मला आठवण येते.

रोज सकाळी त्या मला मऊ फडक्याने पुसत. साक्षीच्या आधी 'खोली दाखवणे' हा आमचा नित्यनेम होता. हातातल्या बटणांनी त्या माझी मान फिरवत आणि न्यायालयाला सांगत, "दाराला आतून कडी आहे, साहेब. खिडकी बंद आहे. टेबलाखाली कुणी नाही." मग उठून कपाट उघडत. "कपाटात कुणी नाही, साहेब." साक्षीदाराला कानात सांगणारे कुणी लपलेले नाही, याची ती खात्री. दार उघडले की आतला आरसा डुले आणि त्यात मला खिडकीचा गज दिसे. मग बाई कोपऱ्यात जाऊन बसत आणि भिंतीसारख्या गप्प होत.

आता एक गंमत सांगतो. पडदा माझ्या पायाखाली होता, त्यामुळे मला तो कधीच दिसला नाही. ज्या न्यायालयासाठी मी राबलो, ते मी पाहिलेच नव्हते. न्यायाधीश म्हणजे माझ्या लेखी एक भारदस्त आवाज आणि मधूनमधून खोकला. चष्मेवाले साक्षीदार आले की त्यांच्या काचांत दोन इवलेसे निळे चौकोन दिसत. तेवढीच माझी न्यायालयाशी ओळख.

माझ्याकडे मात्र कुणी पाहत नसे. ते साहजिकही होते. पडद्यावर न्यायाधीश बोलत असताना माणूस न्यायाधीशांकडेच पाहणार, वर भिंतीवरच्या काळ्या काचेकडे कोण पाहतो? मला सगळ्यांच्या पापण्या दिसत. सहा वर्षे मी पापण्या पाहिल्या. दुःख एवढेच होते, की आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस लोक माझ्यासमोर सांगत आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता निघून जात.

पण खरे एकटेपण साक्ष संपल्यावर असे. न्यायाधीश म्हणत, "साक्षीदार जाऊ शकतात." पडदा टुक् आवाज करून बंद होई. एवढे सगळे आठवून सांगितल्यावर समोर कुणीच नाही, नुसती काळी काच. काही जण तसेच बसून राहत. एका माळ्याने बंद पडद्याला विचारले होते, "बरोबर सांगितलं ना मी?"  साक्षीवर बोलायची बाईंना मुभाच नव्हती. त्यांनी तांब्यातले पाणी त्याच्यापुढे सरकवले आणि तो पाणी न पिताच जिना उतरून गेला.

तरीही मला माझी घमेंड होती. मी म्हणायचो, मी बोलत नाही पण खोटेही दाखवत नाही. जे समोर आहे ते जसेच्या तसे पोचवतो. ही घमेंड कशी उतरली, तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

एका सकाळी इस्त्रीवाल्या मावशी आल्या. सत्तरीच्या, काटकुळ्या. दोन जिने चढून त्यांना इतका दम लागला होता की मुलीने त्यांना धरूनच आणले. मुलीला बाहेर थांबायला सांगून बाईंनी दार लावले. मावशींनी आधी कपाटाचे दार उघडून आतल्या आरशात पाहून पदर सारखा केला. मग त्यांनी टेबलावरच्या कापडाला पडलेली सुरकुती तळहाताने दाबून सपाट केली. जन्मभराची सवय, ती कुठे जाणार?

खटला असा होता. त्या दूरच्या शहरातल्या एका तीन मजली इमारतीत वर एक म्हातारे घड्याळजी दुकान चालवत. मालकाला त्यांची जागा रिकामी हवी होती आणि ते हटत नव्हते. एका दुपारी ते जिन्यावरून खाली पडले आणि पुन्हा उठले नाहीत. लोक धावले तेव्हा त्या इमारतीचा लिफ्टवाला त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचे हात रक्ताने भरले होते. मालकाचा मेहुणा म्हणाला, "यानंच ढकललं, मी पाहिलं." लिफ्टवाला त्या दिवसापासून तुरुंगात होता. अकरा महिने झाले होते.

मावशी त्याच इमारतीच्या तळाशी इस्त्री करत. घड्याळजींना कुणी ढकलले ते त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि तो लिफ्टवाला नव्हता. नंतर मावशी आमच्या गावी मुलीकडे राहायला आल्या होत्या आणि लिफ्टवाल्याची वकीलबाई त्यांना शोधत इथपर्यंत आली होती. दमेकरी मावशींना प्रवास झेपणार नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले, म्हणून ही खोली. मावशींचा शब्द खरा ठरला तर एक निरपराध माणूस घरी जाणार होता. खोटा ठरला तर त्याचे उरलेले आयुष्य गजांआड जाणार होते. दुसरा साक्षीदार नव्हता.

बाईंनी खोली दाखवली. "कपाटात कुणी नाही, साहेब." मावशींनी शपथ घेतली आणि बोलायला सुरुवात केली.

"गाठोडी लिफ्टमधनं न्यायची नाहीत, जिन्यानं न्या, असा मालकाचा हुकूम होता. पण हा लिफ्टवाला, भाऊ म्हणते मी त्याला, मला रोज गुपचूप लिफ्टमधनं न्यायचा. माझे गुडघे त्याला माहीत होते. त्या दिवशी मालकाचा मेहुणा इमारतीत फिरत होता, म्हणून मीच म्हटलं, राहू दे भाऊ, उगाच बोलणी खाशील. आणि जिन्यानं निघाले. दुसऱ्या वळणावर दम खायला टेकले, तर वर आवाज झाला. घड्याळवाले आजोबा दार अडवून उभे होते. मेहुण्यानं त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. ते माझ्यासमोर येऊन पडले. भाऊ तर नंतर धावत आला, खालून."

मावशींच्या पापण्या मला दिसत होत्या, नेहमीसारख्याच.

मग सरकारी वकील उठले. त्यांचा आवाज कात्रीसारखा होता. "हे तुम्ही पोलिसांना कधी सांगितलंत?"

"आठ दिवसांनी."

"आठ दिवस! डोळ्यांदेखत माणूस पडला आणि तुम्ही आठ दिवस मूग गिळून बसलात?"

"घाबरले होते, साहेब. माझी इस्त्रीची जागा मालकाचीच होती."

"की आठ दिवसांत कुणी तुम्हाला हे शिकवलं? रोज फुकट लिफ्टमधून नेणाऱ्याचं ऋण फेडताय का?" मग ते न्यायाधीशांकडे वळले असावेत. "साहेब, न्यायालयानं लक्ष द्यावं. हा पडदा एवढा मोठा आहे, सगळ्यांना दिसतंय. मी प्रश्न विचारायला लागल्यापासून साक्षीदारानं एकदाही नजर वर केलेली नाही. खरं बोलणारा माणूस असा जमिनीकडे बघतो का?"

न्यायाधीश खोकले.  मग ते टंकलेखकाला सांगू लागले, "लिहा. साक्षीदार उत्तर देताना नजर टाळते."

मित्रांनो, ज्याच्यावर कधी वीज पडली असेल त्यालाच माझी अवस्था कळेल. मावशी नजर टाळत नव्हत्या. त्या पडद्याकडे इतक्या रोखून पाहत होत्या की पापणीही लवत नव्हती. पण पडदा माझ्या खाली होता, वीतभर. मी वरून पाहत होतो, म्हणून मला त्यांच्या पापण्याच दिसत होत्या आणि मी पापण्याच पोचवत होतो. मी जसेच्या तसे दाखवत होतो आणि तेच धादांत खोटे होते. त्या म्हातारीविरुद्ध मीच खोटी साक्ष देत होतो, आणि मला तोंड नव्हते.

मी कोपऱ्यातल्या बाईंकडे पाहिले. खोलीतले चित्र न्यायालयाला कसे दिसते, ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात बाईंना दिसत असे. सहा वर्षे त्या चौकोनात सगळ्यांच्या माना झुकलेल्या दिसत होत्या, आणि बाईंना वाटत होते, न्यायालयापुढे माणूस नजर खालीच ठेवतो, अदबीने. त्यांनी कधी खुर्चीतल्या माणसाकडे आणि चौकोनातल्या माणसाकडे एकाच वेळी पाहिले नव्हते. आज पाहिले. खुर्चीतली मावशी ताठ समोर बघत होती आणि चौकोनातली जमिनीकडे.

 बाईंनी तोंड उघडले आणि मिटले. 'मावशी, वर बघा' एवढे तीन शब्द पुरले असते. पण ते शब्द तोंडातून गेले असते तर वकिलांनी तिथल्या तिथे साक्ष रद्द करा म्हटले असते. नियम पाळावा तर माणूस बुडतो, मोडावा तरी माणूस बुडतो. इकडे आड, तिकडे विहीर.

मग सहा वर्षांत पहिल्यांदा त्या साक्षीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या. "तांत्रिक अडचण आहे. खोली पुन्हा एकदा दाखवायची परवानगी द्यावी."

"आक्षेप आहे!" कात्री कडाडली. "समन्वयकानं साक्षीत पडायचं नसतं."

"साक्षीदाराशी मी एक शब्द बोलणार नाही. फक्त खोली दाखवते, साहेब. मघाशी एक जागा दाखवायची राहिली."

"दाखवा," न्यायाधीश म्हणाले.

बाईंनी कपाट उघडले. आतला आरसा खिळ्यावरून काढला आणि तो दोन्ही हातांत धरून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या आरसा वर-खाली करून नेमका कोन शोधत होत्या, म्हणून आधी मला नुसते छत आणि खिडकी दिसली. मग आरसा स्थिर झाला.

त्यात एक काळा, मुठीएवढा, मानेत जरासा वाकडा असा एक जण भिंतीवर एकटाच बसला होता. तो मी होतो. त्याच्या खाली कोऱ्या भिंतीचा एक पट्टा होता. आणि त्या पट्ट्याच्या खाली पडदा होता, पडद्यात न्यायालय होते. मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. भारदस्त आवाजाचे न्यायाधीश चांगलेच बुटके निघाले. आणि कडेला, लाकडी कठड्याआड, एक हडकुळा माणूस मान खाली घालून उभा होता.

"हा कॅमेरा, साहेब," बाई म्हणाल्या. "आणि साक्षीदाराला न्यायालय दिसतं ते इथं, खाली." त्यांनी एका हाताने आरसा छातीशी टेकवला आणि दुसरा हात भिंतीवर ठेवून बोटे ताणली. अंगठा माझ्या पायाशी, करंगळी पडद्याच्या कडेला. "मध्ये एक वीत आहे. इथं बसून जो न्यायालयाकडे बघतो तो तिथं जमिनीकडे बघताना दिसतो."

आरशातले न्यायाधीश खुर्चीत पुढे वाकले.

"मावशी," न्यायाधीश म्हणाले, "मघापासून तुम्ही कुठं बघत होता?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्याकडं. बाकी सगळा वेळ भाऊकडं. तो काय, त्या कठड्याशी उभा आहे. अकरा महिन्यांनी दिसला. किती वाळलाय."

"मघाचं वाक्य खोडा," न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितले. "मावशी, आता पडद्याच्या वर तो काळा कॅमेरा आहे, त्याच्याकडं बघून सगळं पुन्हा सांगाल का?"

मावशींनी वर पाहिले, मग पुन्हा पडद्याकडे. "म्हणजे तुमच्याकडं बघून बोलले तर खोटी, आणि ह्या काचेकडं बघून बोलले तर खरी होय, साहेब?"

न्यायाधीशांना खोकला आला. तो नेहमीपेक्षा जरा लांबला. "चूक तुमची नाही," ते म्हणाले. "आमच्या भिंतीची आहे."

मग मावशींनी माझ्याकडे पाहिले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या त्या मुलीनंतर माझ्या डोळ्यात बघणारे हे पहिलेच माणूस. त्यांचे डोळे घारे होते, उजव्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. त्यांनी सगळे पुन्हा सांगितले. गाठोडे, दुसरे वळण, दोन हात. सरकारी वकिलांनी पुन्हा त्या आठ दिवसांबद्दल विचारले. त्या माझ्याकडे बघतच म्हणाल्या, "ती लाज मी घेऊनच मरणार आहे, साहेब. पण माझ्या लाजेपायी त्याला कशाला डांबता?" "आणखी प्रश्न नाहीत, साहेब," वकील म्हणाले.

ज्या नजरेची मी सहा वर्षे वाट पाहिली ती मिळाली, आणि मला तिचा आनंद होईना. कारण मला माहीत होते, त्यांना माझ्याशी बोलायचे नव्हते. माझ्याकडे बघत होत्या म्हणून त्यांना भाऊ दिसत नव्हता. मला मान डोलावता येत नव्हती, 'हं' म्हणता येत नव्हते. एक म्हातारी बाई आपले काळीज एका काचेपुढे उघडे करत होती, आणि ती काच मी होतो.

"साक्षीदार जाऊ शकतात."

मावशींनी घाईघाईने नजर खाली आणली, भाऊला शेवटचे बघायला. तेवढ्यात टुक् आवाज झाला.

त्या बंद पडद्याकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "मी त्याच्याकडं बघत होते, ते त्याला कळलं असेल का हो? की त्यालाही वाटलं असेल, मावशीनं तोंड फिरवलं म्हणून?"

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "मला त्यावर काही बोलता येत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी कुणाला नाते लावून हाक मारली नव्हती. मुलगी आत आली आणि मावशी तिच्या आधाराने निघून गेल्या. टेबलावरच्या कापडाला आता एकही सुरकुती नव्हती.

त्या दुपारी बाई घरी गेल्या नाहीत. त्यांनी सहा वर्षांची वही काढली आणि एकेक नाव वाचत बसल्या. दोनशेच्या वर नावे होती. मला प्रत्येकाच्या पापण्या आठवत होत्या. तो माळी. ते घाबरून हसलेले आजोबा. त्यांतल्या किती जणांविषयी कुणी लिहिले असेल, 'नजर टाळते'? बाईंनी त्या सगळ्या न्यायालयांना पत्रे लिहिली. पत्रात कॅमेऱ्याची उंची होती आणि 'ही बाब समन्वयकाच्या लक्षात यायला हवी होती, आली नाही,' असे वाक्य होते. काही पत्रांना उत्तरे आली. पुष्कळांना आली नाहीत.

पुढच्या महिन्यात नवा कॅमेरा आला. तो पडद्याच्या ऐन कडेला बसला, साक्षीदाराच्या नजरेच्या जवळ. मला काढले. भिंतीतली चार भोके लांबी भरून बुजवली. मिस्त्री मला भंगारात टाकायला निघाला होता, पण बाई म्हणाल्या, "राहू दे इथंच." त्यांनी मला पुसले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. तार काढली की आम्हाला दिसत नाही, असे लोकांना वाटते. वाटू द्या.

जवळजवळ वर्ष गेले. एका दुपारी कपाट उघडले. बाईंबरोबर एक माणूस उभा होता. हडकुळा, पण आता मान वर असलेला. मी त्याला लगेच ओळखले. आरशात पाहिलेला माणूस मी कसा विसरेन? पडद्यापलीकडची माणसे मला तेवढ्या एकदाच पाहायला मिळाली होती.

"हाच का तो?" त्याने विचारले.

बाईंनी मला त्याच्या हातात दिले. तो आधी साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसला. समोरच्या बंद पडद्याकडे पाहिले, मग वर, बुजवलेल्या भोकांकडे. पुन्हा पडद्याकडे. असे त्याने दोन-तीनदा केले.

"तुम्हाला सांगतो बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी आधी मावशींचा चेहरा एवढा मोठा पडद्यावर आला, आणि नजर खाली. मला वाटलं, मावशीपण गेली. त्यांनाही माझी लाज वाटते. वकील काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. मग मीपण मान खाली घातली. तुम्ही आरसा धरलात तेव्हा कळलं, ती माझ्याकडंच बघत होती. आणि मी बघत नव्हतो." त्याने मला उलटसुलट करून पाहिले. "निकालाच्या दिवशी सुटलो, पण खरा सुटलो तो आरशाच्या दिवशी."

"मावशींना सांगितलंत हे?" बाईंनी विचारले. हा प्रश्न विचारायला त्यांना आता कुठलाच नियम आडवा येत नव्हता.

"सांगितलं की. खाली गाडीत बसल्यात. म्हणाल्या, तुझी लिफ्ट कुठाय इथं, मी नाही चढत." तो हसला. मित्रांनो, या खोलीत न घाबरता हसलेले हे पहिले माणूस.

तो मला घेऊनच खिडकीशी गेला आणि खिडकी उघडून गजांमधून खाली पाहू लागला. अंगणात एक गाडी उभी होती. तिच्या दारातून एक म्हातारा चेहरा बाहेर आला आणि त्याने वर पाहिले. थेट वर. घारे डोळे, एकात मोतीबिंदू. पापण्या कुठेच आड नव्हत्या. मावशींनी हात हलवला. तो मला नव्हता, भाऊला होता. मी त्याच्या हातात होतो एवढेच.

मग त्याने मला परत फळीवर ठेवले आणि तो जिना उतरून गेला. दोन-दोन पायऱ्या सोडत गेला असावा.

मित्रांनो, आता तुम्हीही लांबच्या माणसांशी पडद्यावर बोलता. कुणी बोलताना खाली बघत असेल तर त्याला लगेच चोर ठरवू नका. आधी विचारा, तुला मी कुठे दिसतो? एवढे विचारायला काही लागत नाही. मला विचारता आले असते तर मी दोनशे जणांना विचारले असते. आणि बोलणे संपले की एकदम टुक् करू नका. क्षणभर थांबा. पलीकडचे माणूस कदाचित तुम्हाला शेवटचे बघत असेल.

माझी काही तक्रार नाही. बाई अजून मला आठवणीने पुसतात, कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. आरसा पुन्हा दाराच्या आतल्या बाजूला लटकतो आहे, पण दार लागले की अंधारात आम्हा दोघांनाही एकमेकांत काही दिसत नाही. साक्ष असली की मला बाहेरची चाहूल लागते. दाराला कडी पडते, खिडकी लागते. मग कपाट उघडते, आणि उजेड एकदम माझ्या डोळ्यावर येतो. खुर्चीत कुणीतरी एकटे बसलेले असते. समोर नवा कॅमेरा मान वळवून माझ्याकडे बघतो. बाईही बघतात, आणि दर वेळी बोलण्याआधी त्या थोडेसे अडखळतात.

"कपाटात कुणी नाही, साहेब."